आत्याची कडेची खुर्ची

सत्तरी गाठली तरी आत्याच्या तोंडावर एक सुरकुती नव्हती. "देवानं इस्त्री मारली," असं ती सांगायची, आणि हसायला गेली की ओठ पुरते उघडायचे नाहीत. आजाराचं नाव सिस्टेमिक स्क्लेरोसिस. त्यात कातडी ताठरत जाते, थंडीत बोटं निळी पडतात. आत्या त्याला 'आखडबाई' म्हणायची.

गळा मात्र आखडला नव्हता. न्हावऱ्यापासून शिक्रापूरपर्यंतच्या लग्नांत मंगलाष्टकं तिची आणि माईकवर निवेदन माझं. मी आलेल्या पुढाऱ्यांची नावं अशी खुलवायचो, की सोसायटीचा साधा संचालकही फेटा सावरू लागे. आत्या कानाशी पुटपुटायची, "माईकवाल्या, आवर. अक्षतांना मोड येतील."

पुढे तिला एक खोड लागली. खुर्ची कडेलाच हवी, संडासाच्या वाटेवर. पंगतीला बसणं बंद. आत्याला ताठा चढला, असं लोक म्हणू लागले. एकदा माझ्या गाडीत बसताना तिनं आधी सीटवर प्लास्टिक अंथरलं. मी चेष्टा केली, गाडी एवढी मळकी वाटते का म्हणून. ती खाली बघत म्हणाली, "आतलंबी आखडलंय रं. शी-लघवी थांबत न्हाई. कळायच्या आत व्हतं. कुणाला बोललास तर बघ."

डॉक्टरांनाही सांगायला तयार नव्हती. तिला एकच हवं होतं. नातीची मंगलाष्टकं म्हणायची, आणि तीही अब्रूनं.

त्या लग्नासाठी ती आदल्या दिवसापासून उपाशी होती. पण आमदारसाहेबांची गाडी हायवेला ट्रकांत अडकली, आणि साहेब आल्याशिवाय अक्षता नाहीत, यावर तिचा मुलगा, म्हणजे नवरीचा बाप, ठाम. मुहूर्त टळत चालला. भाषणं चालूच. आत्यानं निळ्या बोटांनी खुर्ची घट्ट धरली होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी माईक उचलला आणि ठोकून दिलं. साहेबांचा आत्ताच फोन आला, लेकीचा मुहूर्त माझ्यासाठी थांबवू नका म्हणाले, काय हे मोठं मन! टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलानं भटजींना खूण केली. अंतरपाट धरला गेला.

आत्या बसूनच गायली, पार शेवटच्या 'सावधान'पर्यंत. वाजंत्री वाजली, सगळे नवरानवरीकडे धावले, तशी ती कमरेला शाल गुंडाळून उठली. खुर्ची ओली होती. मी सरबताचा जग खुर्चीवर उपडा केला आणि स्वतःलाच मोठ्यानं धांदरट म्हणून घेतलं. मागे वळून बघितलं, तर आत्या दारात उभी होती. तिनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दौंडच्या डॉक्टरांकडे ती आपण होऊन निघाली. हे त्याच आजाराचं आहे, यावर औषधं आहेत, व्यायाम आहेत, आधी का नाही सांगितलंत, असं त्यांनी विचारलं. "तुम्ही बोटांचं इचारलं," आत्या म्हणाली, "मी बोटांचं सांगितलं."

बरंचसं आवरलं. एका लग्नात ती पंगतीतही बसली, मधोमध. पण तोवर आखडबाई फुप्फुसात शिरली होती. या थंडीत आत्या गेली.

दशक्रियेला कुणीतरी म्हणालंच, बाई गुणाची, पण ताठा फार. एरवी मी गप्प बसलो असतो. पण शेवटच्या भेटीत आत्यानं मला मोकळं केलं होतं. धाप लागत होती, तरी बोलली, "मी गेल्यावर सांग, माईकवाल्या. मोठ्यानं सांग. कुणीतरी कडंच्या खुर्चीत बसली असंल."