मुंगसासाठी ठेवलेलं भोक

ये गं, इकडे अशी जवळ ये. कान धरता येईल इतकी जवळ. वांगणीला घर घेतलंस, मागच्या दारी कोंबड्या पाळल्यास, आनंद आहे. पण परवा फोनवर म्हणालीस काय, तर "मावशी, रोज एक मुंगूस येतं गं अंगणात. शुभ असतं ना?" मी फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही. फोनवर तुझ्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून लिहिते आहे. नीट वाच.

आम्ही बदलापूरला राहायला गेलो तेव्हा घरामागे नुसतं गवत, त्याच्यापुढे शेतं. तुझे काका अंबरनाथच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. कोंबड्या चांगल्या नऊ होत्या. त्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली आणि चार दिवसांत आठ गेल्या. उरली एक तांबडी. तीच पुढे खुडूक झाली, अंडी उबवायला बसून राहायला लागली. मग मी आळीत फिरून गावठी अंडी मागून आणली आणि अकरा तिच्याखाली ठेवली. टोपलीत पेंढा, पेंढ्यात एक कोळसा आणि एक खिळा, आभाळ गडगडलं तरी अंडी नासू नयेत म्हणून. अंगणात परत कोंबड्या दिसायच्या तर ह्याच अकरांतून दिसणार होत्या.

राखण कमी केली नाही मी. घारीसाठी खुराड्यावर जाळी बांधली. ती जाळी कॅम्प तीनच्या बाजारातून आणलेली, शेअर रिक्षात मांडीवर घेऊन, हात ओरबाडून निघाले. रानमांजरासाठी खुराड्याच्या दाराला कडी. राहिलं काय, तर अंगणाच्या मागच्या भिंतीच्या बुडाशी पाणी जायला ठेवलेलं भोक. मी त्यात वीट बसवायची आणि आत्याबाई काढून ठेवायच्या.

"मुंगसाची वाट आहे ती," म्हणायच्या. "सकाळी त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो. आणि ते फिरतंय म्हणून साप नाही आला अजून."

साप मागच्या गवतात होते, ते मी पाहिलेले. म्हणून मीही पुढे वीट बसवायची सोडली. दोष एकट्या त्यांचा नाही.

अंडी ठेवल्याचा विसावा दिवस, एकविसाव्याला पिल्लं निघतात. सकाळी एक अंडं कानाशी धरलं तर आत बारीक चिवचिव. दुपारी तांबडी रोजच्यासारखी दाणापाण्याला उठली. तेवढा वेळ मी खुराड्याचं दार उघडं टाकायची. आत्याबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मी दोरीवरचे कपडे काढत होते.

"आलं बघ," त्या हळूच म्हणाल्या. "हात जोड."

भोकातून आधी नाक, मग सगळं अंग. रोज ते कुंपणाकडे जायचं. त्या दिवशी वळलंच नाही. सरळ खुराड्यात. मी पोचेपर्यंत एक अंडं बाहेर ओढलेलं, पाठ फिरवून मागच्या पायांमधून धुण्याच्या दगडावर फेकलेलं. फुटलं. आत पिल्लू होतं, ओलं, मान हलवणारं. तांबडी मुंगसाच्या अंगावर धावली, पिसं उडाली, आणि घाबरून जी कौलांवर जाऊन बसली ती बसलीच. माझ्या हातात तुझ्या काकांची पँट होती, तीच मारली. मुंगूस पिल्लू तोंडात धरून भोकातून गेलं. टोपलीतही दोन फोडलेली.

राहिली आठ. आणि कोंबडी वर. दाणे दाखवले, हाका मारल्या, शिडी लावली तर पलीकडच्या कडेला गेली. अंडी गार व्हायला लागलेली बोटांना कळत होतं.

आत्याबाई उठल्या. सूप तसंच पायरीवर. टोपलीतली आठही अंडी उचलून लुगड्याच्या ओच्यात घेतली, आणि त्या भोकासमोर पाट टाकून, भोकाला पाठ लावून बसल्या. वर घोंगडी पांघरली. उन्हाळ्याच्या दुपारी, विचार कर.

मी म्हटलं, "आत्याबाई, मी बसते थोडा वेळ."

"तू वर बघ. ती उतरते का ते बघ."

घाम डोळ्यांत जात होता तरी त्यांनी हात काढला नाही ओच्यावरून. मध्येच म्हणाल्या, "एक हलतंय गं."

दिवेलागणीला तांबडी उतरली. आम्ही हळूच एकेक अंडं तिच्याखाली सरकवलं. बसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा पिल्लं निघाली. दोन अंडी तशीच राहिली. तुझे काका पाळीवरून आले तर आत्याबाई भोकात वीट ठोकत होत्या. "आता साप आला तर?" ते म्हणाले. "आला तर तू आहेस ना घरात," त्या म्हणाल्या.

मुंगसाला त्यांनी पुढेही वाईट म्हटलं नाही. रस्त्यात दिसलं की हात जोडायच्या. वीट मात्र परत काढली नाही.

तर आज संध्याकाळच्या आत सगळी भोकं बुजव. जाळी वीतभर जमिनीत पुर, खालची कड बाहेर वळव. बाकीचं लिहून कळायचं नाही, हाताने दाखवावं लागतं. ह्या रविवारी ये. आणि येताना रिकाम्या हाताने ये बाई, एक खुडूक बसली आहे माझ्याकडे, जाताना टोपली धरावी लागेल.