पाठीमागचा ससा

लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी कधी जाणार, हे एका सशाच्या हातात होतं. (सशाला हात नसतात, हे मला कळतं. माझी चौथी झाली आहे.)

मलकापूरहून दादा मला न्यायला कोल्हापूरला आला होता. आमच्या घरची रीत अशी, की पाहुण्याला मटणाचा रस्सा वाढल्याशिवाय निरोप द्यायचा नाही. बाजारातून मटण आणलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी आईजवळ असते. पण आमच्या ह्यांनी दादाला सांगून टाकलं, "बाजारचं मटण कोणबी घालतंय की. तुमाला मी ससा मारून घालतो, पावणं." आणि शेजारची बंदूक मागून आणली.

एकदा ससा दिसला, बंदूक उडाली नाही. एकदा बंदूक उडाली, ससाच नव्हता. मी रोज नवा मसाला वाटायची. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं की माहेरचं, हे कुणी विचारलं नाही.

शेवटी दादा म्हणाला, "दाजी, मला उद्या कामावर जायाला पायजे."

"मग आजच पाडतो त्याला. तुमी पल्याडनं डबा बडवत या."

मी भाकरी घेऊन बांधावर पोचले, तर हे बंदूक रोखून उसाकडे बघत पालथे पडलेले. अजून उसाला तुरे आले की मला हे तसेच पडलेले दिसतात. हे जाऊन कितीतरी वर्षं झाली. आणि ससा? तो ह्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर बसून पाला खात होता. तोही उसाकडेच बघत होता, कोण येतंय म्हणून.

हाक मारावी, तर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. 'अहो' म्हणावं, तर उसात दादा. भावाच्या कानावर ते पडलं असतं तर मी लाजेने मेले असते. माझं माहेर समोर बसून पाला खात होतं आणि मला तोंड उघडवेना. मी हळूच बांगड्या वाजवल्या. सशाने कान टवकारून माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी पाहिलं नाही. मी जोरात वाजवल्या.

"बांगड्या वाजवू नगंस," मान न वळवता हे दबक्या आवाजात डाफरले, "ससा पळंल."

ससा पळाला. ह्यांच्या पाठीवर पाय देऊन.

उसातून दादाने विचारलं, "घावला काय, दाजी?"

"घावलाच हुता," हे म्हणाले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मसाल्यात वांगी सोडली. दादाने दोनदा रस्सा मागून घेतला. "दाजी, ससा मऊ हाय बरं का."

हे मान खाली घालून हसले आणि म्हणाले, "सकाळच्या मोटारीनं घिऊन जावा हिला."

मलकापुरात आईने मला न्हाऊ घातलं, जवळ घेऊन निजवलं. पण दिवस कलला की मी घागर घेऊन मोटारीच्या थांब्याकडे जायची. कोल्हापूरची मोटार यायची, सगळे उतरायचे, हे नसायचे. एकदा तशीच रिकामी घागर घेऊन घरी आले.

आई दादाला म्हणाली, "नेऊन सोड रं हिला. तिकडं माहेर म्हणून रडती, हितं रिकामी घागर आणती."

आई रागाने बोलली होती. मी मात्र तोवर लुगड्यांच्या घड्या घालायला बसले होते.