चौथ्या सर्व्हरची जागा

गुन्नेल हुल्टेन बावीस वर्षांची असताना जिन्यांच्या कारखान्यात फोन घ्यायला लागली आणि एकसष्टाव्या वर्षापर्यंत तिथेच राहिली. आमच्या आल्मेरूदमध्ये दुसरं काय आहे म्हणा! जंगल, तळं, चर्च आणि तो कारखाना. अडतीस माणसं तिथे लाकडी जिने करायची आणि त्यांच्यावर गाव चालायचं.

पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे बाप्ये हाताची घडी घालून त्याच्याभोवती उभे राहिले होते. गुन्नेलने मात्र सोबतचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचत सुटली. तेव्हापासून कारखान्यातली कॉम्प्युटरची सगळी कामं तिच्या गळ्यात पडली. ना शिक्षण, ना पदवी, पण काही बंद पडलं की पहिली हाक तिलाच.

म्हणून गेल्या शरद ऋतूत चार नवे सर्व्हर आले तेव्हा मालक याल्मार म्हणाला, "कुठला कशाला वापरायचा ते तूच ठरव, गुन्नेल. तुझ्याइतकं कुणाला कळतंय?"

बाई हरखून गेली. तीन रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चौकटीचा कागद घेऊन बसली. पहिल्यावर टपाल आणि मागण्या. दुसऱ्यावर आराखडे, म्हणजे प्रत्येक घराची मापं, प्रत्येक पायरी, प्रत्येक कठडा. तिसरा लाकूड कापणाऱ्या यंत्राला कामं सांगणार. आणि चौथा रोज संध्याकाळी या तिघांवरच्या सगळ्याची नक्कल करून ठेवणार. पहिले तिघे तळघरात, कारण तिथे गार असतं. पण चौथ्यासमोर तिने लिहिलं, "हा लांब हवा," आणि खाली दोन रेघा ओढल्या.

कारण साधं होतं. तळघराच्या छताखालून पाण्याचे जुनाट नळ गेले होते. तिथे काही झालं आणि नक्कलही तिथेच असली, तर कारखाना संपला. कागदावरचे आराखडे केव्हाच रद्दीत गेले होते. आवारात दुसरी इमारत एकच, समोरची रंगाची कोठी. कोरडी, उंचावर, लोखंडी दाराची. आणि ती कोठी एव्हर्टची.

एव्हर्ट रुंडक्विस्ट तिथे चाळीस वर्षं व्हार्निश कालवत होता. बायको गेल्यापासून डबाही तिथेच खायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर, रेडिओ ऐकत. सर्व्हरसाठी तोच कोपरा सोयीचा होता, कारण बाकी भिंतींना डब्यांची फडताळं होती.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट गुरुवारच्या मीटिंगमध्ये ठरते. कॉफी, दालचिनीचे बन, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा. एकाचं जरी मन खट्टू असेल तरी याल्मार पुढे जायचा नाही. त्याच्या बापाचीही हीच रीत होती. मतं मोजणं म्हणजे कुणाला तरी हरवणं, असं तो मानायचा. गुन्नेल सगळं वहीत टिपून घ्यायची.

"अगं, ते यंत्र दिवसभर घोंगावणार," एव्हर्ट पहिल्याच गुरुवारी म्हणाला. "माझ्या कोपऱ्यात काय मधमाश्या पाळू?"

सगळे हसले. गुन्नेलही हसली.

"माझा विरोध नाहीये बरं का," तो पुढे म्हणाला. "पण..."

तो 'पण' सात महिने लोंबकळत राहिला. गुन्नेलने विषय काढायचा, एव्हर्टने बनचा तुकडा मोडत "बघू की" म्हणायचं, याल्मारने टेबलाभोवती नजर फिरवून "अजून जरा विचार करू या" म्हणायचं. चौथा सर्व्हर खोक्यात तसाच, तळघरातल्या एका लाकडी फळीवर. नक्कल तोवर तिसऱ्यावरच, बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून. गुन्नेलला हे सलायचं. घरी भांडी घासतानाही सलायचं. कोठीची किल्ली तिच्या जुडग्यात होती. एखाद्या दुपारी खोकं उचलून नेलं असतं तर कुणी तिला फाडून खाल्लं नसतं. पण माणसाला न विचारता त्याच्या कोपऱ्यात शिरायचं? छे, तिला ते जमणारं नव्हतं.

जुलैची सुट्टी आली. चार आठवडे कारखाना बंद. आदल्या गुरुवारी गुन्नेल ठरवून आली होती की आज स्पष्टच बोलायचं.

"सुट्टीत इथे चिटपाखरू नसणार," ती म्हणाली. "त्याआधी चौथा सर्व्हर हलवू या ना. मला काळजी वाटते."

"चार आठवड्यांत काय आभाळ कोसळतंय?" एव्हर्ट म्हणाला. "आल्यावर बघू."

याल्मारने सगळ्यांकडे पाहिलं. "सुट्टीनंतर ठरवू. चालेल ना सगळ्यांना?"

माना हलल्या. मग त्याने गुन्नेलकडे पाहिलं आणि गुन्नेलनेही मान हलवली. का हलवली, देव जाणे. कॉफी गार होत होती, लोकांना घरी जायचं होतं. तिने वहीत लिहिलं, "सुट्टीनंतर. सर्वांना मान्य."

तिसऱ्या आठवड्यात ती तळ्याकाठच्या खोपटात ब्लूबेरी निवडत बसली होती, तेव्हा याल्मारचा फोन आला. तो काहीतरी विसरला होता म्हणून कारखान्यात गेला होता.

"गुन्नेल, तळघरात पाणी आहे."

"किती?"

"दार उघडत नाहीये," तो म्हणाला.

नळ फुटून नऊ दिवस झाले होते. चारही सर्व्हर गेले, खोक्यातला नवाकोराही. सर्व्हरमधल्या माहितीच्या तबकड्या मोठ्या शहरात तज्ज्ञांकडे पाठवल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, थोडं टपाल परत मिळालं, आराखडे नाहीत. एकशे बारा घरांचे जिने अर्धवट होते आणि एकाचंही माप कुणाकडे नव्हतं. घरं बांधणारे आधी गोड बोलले, मग थंड बोलले, मग दुसरीकडे गेले. नोव्हेंबरात कारखाना बंद करायचं ठरलं.

गुन्नेलला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर तिला झोप तरी लागली असती! याल्मार तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. यात तुझी काही चूक नाही." तिला वाटलं, हातातला कप याच्या कपाळात घालावा. तिने कप विसळून जागेवर ठेवला.

शेवटच्या आठवड्यात सामानाची यादी करायला ती रंगाच्या कोठीत गेली. जुलैनंतर तिथे तिने पाऊल टाकलं नव्हतं. एव्हर्ट डब्यांची झाकणं ठोकत होता. कोपऱ्यात रेडिओ नव्हता. टेबल पुसून लख्ख केलेलं, भिंतीला वायरसाठी नीट भोक पाडलेलं आणि त्याच्या बाजूला नवीन प्लग.

"हे कधी केलंस?" तिने विचारलं.

"सुट्टीच्या आधी. शुक्रवारी."

"म्हणजे मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी?"

"हो ना." त्याने हातोडी खाली ठेवली. "घरी जाऊन विचार केला. म्हटलं, बाई सात महिने सांगतेय, उगाच कशाला अडून बसायचं. रेडिओ घरी नेला. घरीही ऐकता येतोच की."

"मग मला सांगितलं का नाहीस, एव्हर्ट?"

"सुट्टीनंतर बोलायचं ठरलं होतं ना," तो म्हणाला. "तूच तर लिहून घेतलंस."

त्या शुक्रवारी गुन्नेल चार वाजेपर्यंत कारखान्यातच होती. खोकं उचलून आवार ओलांडायला दहा मिनिटं पुरली असती. ती टेबलाच्या कडेवर टेकली.  एव्हर्टने वाकून प्लगवर बोट ठेवलं.

"लाइन चालू आहे बरं का," तो हळूच म्हणाला. "मी तपासून घेतली होती."

तेव्हा गुन्नेलला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हंबरडाच. आवारात गाडीत सामान भरणारी माणसं जागच्या जागी थांबली आणि आत जावं का, म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.