शिट्टीच्या दोरीतल्या किल्ल्या

माझ्या लेकीची परीक्षा होती. विद्यापीठाच्या आवारात शांतता राखायला गुन्हेगारीशास्त्राचे विद्यार्थी नेमले होते. वर्गाच्या दारात लेकीला कळलं की हॉल तिकीट पंचवटीत घरीच राहिलंय. मी धावत स्कूटरपाशी आलो, तर किल्ली गायब.

फाटकाशी दंडाला हिरवी पट्टी बांधलेली एक विद्यार्थिनी उभी होती. तिच्या शिट्टीच्या दोरीत चार-पाच किल्ल्या लटकत होत्या. त्यांत माझीही होती.

"काका, किल्ली गाडीलाच होती. चोराला संधीच द्यायची नाही, असं शिकवलंय आम्हाला."

"चोराचं राहू दे. माझ्या मुलीचा पेपर बुडतोय."

"गाडीचा नंबर सांगा, लगेच देते."

मीटर रीडिंग घेणं माझं काम, लोकांच्या विजेच्या मीटरचे आकडेही मला तोंडपाठ असतात. पण रागात मी दोनदा चुकीचा नंबर सांगितला. ती ढिम्म हलली नाही. तिसऱ्यांदा बरोबर सांगितला, तेव्हा तिने सावकाश गाठ सोडली.

तिकीट आणलं. दार लागता लागता लेक आत गेली. घाम पुसत परत आलो, तर किल्ली पुन्हा गायब.

मी फाटकाकडे पाहिलं. ती गाठ सोडतच होती.

"आता नंबर नको, काका. ओळखते मी तुम्हाला."