देवळी एक, जिन्नस एक

तिचं नाव मी विचारलंच नाही. तलावाच्या ठेक्याविरुद्धची पत्रकं वाटत सानगडीकडच्या एका मासेमाराच्या घरात शिरलो होतो. सारवलेल्या भिंती कोऱ्या होत्या. फक्त भिंतीतल्या देवळीत एक पितळी घंटी होती, तीही आतला लोलक नसलेली.

म्हातारी जाळं विणत बसली होती. "तलावात भेटली," ती म्हणाली. माशांबरोबर जाळ्यात जे जे आलं, ते तिनं जन्मभर जपलं होतं. "बाकीचं गाडग्यात हाये. पसारा होते म्हनून सुनेनं सारं तलावात परत फेकाले काढलं होतं. मंग ठरलं, देवळी एक, जिन्नस एक."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर जाळी ओढायची आणि स्वतःच्या घरात जागा वीतभर? ही सरळसरळ हुकूमशाही आहे, असं म्हणत मी सुरू झालो.

तिनं दातानं धागा तोडला. "भाषण नोको देऊ बाप्पा. पहिले सारं मांडून ठेवत होतो, तं कोनी पायत नोहता. आता बजाराच्या दिवशी जिन्नस बदलवतो, तं आरधा मोहल्ला पायाले येते."

आतून सून ओरडली, "आई, उद्या निळी शिशी ठेवा ना!"

"तिचा नंबर नाही आला अजून."

सून पिठाच्या हातांनीच दारात आली. "किती वाट पाहू? मी दुसरी देवळी कोरतो भिताडात!"

"अवं, मंग पसारा नाही होत का?" म्हातारी इतकी हसली की मांडीवरचं जाळं घसरलं.

मी मूठ उंचावून सुनेच्या बाजूनं घोषणा दिली, "दुसरी देवळी झालीच पाहिजे!"