गुळाच्या वाघिणीचा फोटो

"प्लेट फोडून टाका, मास्तर," बिरू मुकादम म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

सकाळी सांगलीतल्या माझ्या स्टुडिओच्या फळ्या मी नुकत्याच काढल्या होत्या. बिरू दारातच उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो स्टेशनच्या मालधक्क्यावर हमालांचा मुकादम होता. त्याच्या हाताखाली वीसेक माणसं होती, बहुतेक कवठे महांकाळकडची धनगर मंडळी. तिकडे पाऊस हुलकावणी देई, म्हणून मेंढरं भावकीकडे सोपवून गूळ-हळदीच्या हंगामाला ती सांगलीला येत. मी पूर्वी शाळेत ड्रॉइंग शिकवत असे. शाळा सोडून कॅमेरा घेतला तरी लोक मला मास्तरच म्हणत.

"कुठली प्लेट?" मी विचारलं.

"पाडव्याची. गुळाच्या वाघिणीची."

वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. वॅगन हा साहेबाचा शब्द आमच्याकडे असा रुळला. दुसरी मोठी लढाई चालू होती. छपराच्या बंद वाघिणी सगळ्या लष्कराने नेल्या होत्या, त्यामुळे गुळाच्या ढेपांना उघड्या वाघिणी मिळत. ढेपा रचायच्या, वरून ताडपत्री टाकायची आणि ती बारा ठिकाणी दोरांनी वाघिणीच्या कड्यांना बांधायची, असा कंपनीचा नियम होता.

दिवाळीच्या पाडव्याला हंगामाची पहिली वाघीण निघे. तिला कुंकू लावत, नारळ फोडत. त्या वर्षी आडत्याने मला फोटोसाठी बोलावलं. लढाईच्या दिवसांत रेल्वेचा फोटो काढायला लेखी परवाना लागे. माझ्याकडे तो नव्हता. गुडशेडचे, म्हणजे रेल्वेच्या मालगोदामाचे, बाबू म्हणाले, "काढा हो, पाडवा आहे. कोण बघतंय?" मला तेवढंच हवं होतं. मालगाडी मला पॅसेंजरपेक्षा नेहमीच आवडत आली आहे. पॅसेंजर आली की आपण माणसं बघतो. मालगाडी आली की गाडी बघतो. लढाईआधी मी सांगली ते मिरज रुळाच्या कडेने कॅमेरा घेऊन पुष्कळ चाललो होतो. ती छोट्या रुळांची मीटर गेजची इंजिनं, उतारावर एकमेकांना धक्के देत येणाऱ्या वाघिणी, शेवटी गार्डाचा डबा आणि त्यातून बाहेर काढलेला एक हात. बंदी आल्यापासून हे सगळं बंद होतं.

पाडव्याला मी पोचलो तेव्हा वाघीण भरून बांधून तयार होती. मी म्हणालो, "ताडपत्रीचा काय फोटो काढू? गूळ दिसला पाहिजे."

आडत्याला ते पटलं. बिरूला पटलं नाही. "बांदलेलं सोडत न्हाईत, मास्तर," तो म्हणाला. पण सणाचा दिवस, आडत्याचा शब्द. त्याने ताडपत्री सोडली. मी गुळासह आडत्याचा फोटो घेतला. आडते खूश होऊन गेले. हमाल पुन्हा ताडपत्री बांधायला लागले. माझ्याकडे अजून एक प्लेट होती. बिरूचा जन्मात फोटो निघाला नव्हता.

मी त्याला वाघिणीपुढे उभा केला. ते पाहून बाबू कोटाची बटणं लावत आले. गार्डही हिरवं निशाण काखेत मारून शेजारी उभे राहिले. उन्हं उतरली होती. अशा उजेडात प्लेटला वेळ लागतो. एक-दोन-तीन म्हणेपर्यंत माणसाने हलायचं नसतं.

"हलू नका, मुकादम."

बिरू हलला नाही. मी काळ्या कापडातून बाहेर आलो तोवर इंजिनाने शिट्टी दिली होती. गार्ड पळाले. गाडी गेली.

हे झालं पाडव्याचं. आता बिरू सांगत होता ते पुढचं. कराडच्या पुढे अवकाळी पाऊस लागला. ताडपत्रीचा एक कोपरा सुटला. सातारा रोड स्टेशन येईस्तोवर गुळाचं पाणी होऊन रुळावर गळायला लागलं. तिथे ती वाघीण तोडून बाजूच्या रुळावर ठेवली होती. रेल्वेच्या ट्रॅफिक खात्याचे साहेब परवा तिथेच चौकशीला येणार होते. ताडपत्री नीट बांधली नाही हा ठपका मुकादमावर होता. तो सिद्ध झाला तर बिरूची टोळी मालधक्क्यावरून जाणार. हंगाम तर आत्ताच सुरू झाला होता.

"पण फोटोसाठी ती सोडायला लावली, हे सांगितलंस का नाही?"

"सांगून काय करू? रेल्वेचा फोटू काढाय बंदी हाय. तुमाला आत घालतील. बाबूची नोकरी जाईल, त्याला तीन पोरी हायत्या. म्हणून म्हंतो, प्लेट फोडा. फोटूच न्हाई तर काय न्हाई."

"आणि तुझी माणसं?"

तो काठीने उंबऱ्याची माती उकरत राहिला. "बगू. बिरोबा हाय."

तेवढ्यात आतला पडदा सरला आणि माझी बायको बाहेर आली. तिच्या हातात तीच काचेची प्लेट होती. प्लेटवरचे डाग पेन्सिलने भरायचं, म्हणजे रिटचिंगचं काम ती करी. मी तिला शिकवलं होतं आणि वर्षभरात ती माझ्यापुढे गेली होती. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं. मला त्यातून चेहरा कळायला वेळ लागे. ती सरळ वाचत असे.

ती या चैत्रात गेली. प्लेटांच्या खोक्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. एकीवर नुसतं 'मालगाड्या' लिहिलं आहे. ते खोकं आवरायला घेतलं आणि आवरायचं सोडून हे लिहीत बसलो आहे.

"बिरूभाऊ, प्लेट फुटायची नाही," त्या सकाळी ती म्हणाली. "बसा आधी. अहो, हे बघा."

तिने प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्या हातात भिंग दिलं. मधोमध बिरू ताठ उभा होता. डावीकडे बाबू, उजवीकडे गार्ड. बिरूच्या फेट्याच्या वर, वाघिणीच्या कोपऱ्यावर, एक दोर मोकळा लोंबत होता.

मी भिंग बिरूला दिलं. त्याला निगेटिव्हातलं काही उमगेना. तिने पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं, तेव्हा त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"आयला. म्हंजी माझीच गाठ ऱ्हायली की!"

"रोज राहते का?" तिने विचारलं.

"एक डाव न्हाई. बांदून झालं की म्या भवतीनं फिरतो. एकेक गाठ हातानं बगतो. त्या दिशी..." तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिशी फोटूत हुतो."

मग ती मला म्हणाली, "तुम्ही त्यांना हलू नका म्हणालात?"

"म्हणालो."

"मग परवा सातारा रोडला तुम्ही जायचं."

मला भीती वाटली. कॅमेरा जप्त होईल, कोठडीही होईल. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "होईल. पण यांची वीस माणसं घरी जाण्यापेक्षा तुमचं एक यंत्र गेलेलं बरं. मी डबा करून देते." आणि आत गेली. तिच्याशी वाद घालायचा तर ती समोर राहावी लागे, आणि ती राहत नसे.

दोन्ही प्लेटा फडक्यात गुंडाळून मी बिरूबरोबर गाडीत बसलो. वाटेत तो दोनदा म्हणाला, "आवं, अजून टायम हाय. खिडकीतनं टाका भाईर." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला डब्यातला लाडू दिला.

सातारा रोडला ती वाघीण लांबूनच ओळखू आली. तिच्याभोवती मधमाश्यांचा ढग होता. चाकं चिकट काळी झाली होती आणि खालच्या खडीवर मुंग्यांच्या रांगा होत्या. स्टेशनातला पाणक्या हसून म्हणाला, "सांगलीचं का तुमी? लय उपकार झालं. साखर मिळत न्हाई, आन् इथं आठ दिस सगळ्यांच्या च्याला गूळ हाय."

बिरूला हसू आलं नाही.

साहेब स्टेशनमास्तरांच्या खोलीत बसले होते. वयस्क, उन्हाने लाल झालेले. शेजारी एक कारकून दुभाषी म्हणून बसला होता. आमचे बाबू आणि गार्ड आधीच येऊन भिंतीशी उभे होते. मला पाहताच बाबूंचा चेहरा पडला.

साहेबांनी बिरूला विचारलं, "बारा गाठी बांधल्या होत्या?"

"व्हय."

"मोजता येतं?"

"आकडं येत न्हाईत. नावानं मोजतो. पयली बिरोबाची, दुसरी म्हसोबाची, तिसरी आईची... अशा बारा. बारावी कंपनीची."

कारकुनाने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांचा चेहरा हलला नाही. "त्या दिवशी बाराही नावं घेतलीस?"

बिरूने एकदा माझ्याकडे पाहिलं. "न्हाई, सायब. त्या दिशी येक बी घेतलं न्हाई."

कारकून लिहू लागला. आता उशीर केला असता तर संपलं असतं. मी पुढे झालो आणि इंग्रजीत म्हणालो, "त्याने नावं घेतली नाहीत, कारण मी त्याला हलू दिलं नाही." मग प्लेटा टेबलावर ठेवल्या आणि पाडव्याचं सगळं सांगितलं. ताडपत्री सोडायला मी लावली, हेही सांगितलं.

साहेब पहिली प्लेट घेऊन खिडकीशी गेले. मग दुसरी. दुसरीला बराच वेळ लागला.

"हा मोकळा दोर तुम्हाला दिसला?"

"माझ्या बायकोला दिसला."

"ती तुमच्याकडे काम करते?"

"माझ्यापेक्षा जास्त."

ते परत येऊन बसले. "परवाना?"

"नाही."

"कोणाच्या परवानगीने आत आलात?"

मी बाबूंकडे बघायचं टाळलं. भिंतीकडून बाबूंचा आवाज आला, अगदी बारीक. "माझ्या, सर."

साहेबांनी प्लेट पुन्हा उजेडात धरली. "हा मुकादम. हे बाबू. हा गार्ड. वाघिणीकडे बघणं हे ज्यांचं काम, ते तिघेही तिच्याकडे पाठ करून उभे आहेत. आणि चौथा कापडात डोकं घालून." ते कारकुनाकडे वळले. "एवढ्यांना काढलं तर सांगली स्टेशनात उद्या गाडीला निशाण कोण दाखवेल?"

याचं भाषांतर करावं की नाही, हे कारकुनाला कळेना.

निकाल असा लागला. तिघांनाही लेखी ताकीद. बिरूची टोळी मालधक्क्यावर कायम. दोन्ही प्लेटा साहेबांनी ठेवून घेतल्या आणि लढाई संपेपर्यंत मालधक्क्यावर माझ्या कॅमेऱ्याला बंदी केली. सांगलीला एक हुकूम लागला: पूजा, नारळ वगैरे जे काय असेल ते ताडपत्री बांधण्याआधी उरकावं, बांधलेली ताडपत्री मुक्कामाच्या स्टेशनाशिवाय कुठेही सोडू नये.

बाहेर आल्यावर बाबू मला म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर फार रागवायचं होतं मला." मग थोडं थांबून म्हणाले, "पण जमत नाहीये."

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती.

"कॅमेरा?"

"आहे."

"प्लेटा?"

"गेल्या."

"बिरूभाऊ?"

"आहेत धक्क्यावर."

"मग झालं," ती म्हणाली आणि पानं घेतली.

पुढच्या पाडव्याला आम्ही दोघं रिकाम्या हातांनी मालधक्क्यावर गेलो. आधी उघड्या गुळाची पूजा झाली, मग ताडपत्री चढली. बिरू भोवतीने फिरू लागला. आडते काही सांगायला जवळ गेले, तर त्याने हात वर केला. "थांबा शेट, सात झाल्यात. मधी बोलू नगा." आडते मुकाट थांबले. ती वाघीण पुण्यापर्यंत कोरडी गेली, हे बाबूंनी मुद्दाम घरी येऊन सांगितलं.

लढाई संपल्यावर मी रीतसर परवाना काढला. पुढच्या दोन-तीन हंगामांत गुळाच्या, हळदीच्या, मेंढरांच्या कितीतरी मालगाड्या घेतल्या. ती इंजिनं आता नाहीत, पण प्लेटा चांगल्या उतरल्या आहेत. बिरूलाही फोटोची गोडी लागली होती. मात्र गार्डाने निशाण दाखवून गाडी हलल्याशिवाय तो पुढे येत नसे. मग पळत येई, उभा राही, आणि धापेने त्याची छाती वरखाली होई. त्यामुळे माझ्याकडच्या त्याच्या एकाही फोटोत तो स्पष्ट नाही.

नव्या फोटोग्राफरांना मी एवढंच सांगतो. माणसाला 'हलू नका' म्हणण्याआधी त्याच्या हातातलं काम संपलं आहे का, ते विचारावं.