मूठ पाहू दे बरं

"मूठ पाहू दे बरं," असं म्हणत आमच्या क्रीडा शिक्षिका समोरच्याचा हात हातात घ्यायच्या. मुलींचाच नव्हे, शिपायाचा आणि माझाही. मी अमरावतीच्या त्याच शाळेत मराठी शिकवायचो. एकदा फळ्यावर लिहीत होतो, तर दारातून म्हणाल्या, "सर, खडू काहून एवढा आवळता? पळून चालला काय तो?" सगळा वर्ग हसला.

सॉफ्टबॉल हा त्यांचा जीव. बॅट बोटांत धरायची, तळव्यात नाही, हे त्या पोळ्या लाटता लाटताही सांगत असतील, अशी आम्ही थट्टा करायचो.

त्यांच्या संघात भातकुलीहून एसटीने येणारी एक मुलगी होती. ती बॅट कुऱ्हाडीसारखी गच्च धरायची आणि चेंडू थेट कंपाउंडबाहेर टोलवायची. आम्हाला त्यात काही चूक दिसत नव्हती. मॅडमना दिसत होती. "इथं चालते सर. पुढं फास्ट बॉल आला का हिचं मनगट वळणार नाही." त्यांनी ऑनलाइन एक रबरी कडं मागवलं. ते बॅटच्या मुठीवर चढवायचं. त्यात बोटांसाठी खाचा होत्या. बोटं खाचांत बसली की पकड आपोआप बरोबर.

उन्हाळाभर ती मुलगी ते कडं लावून खेळली. तिचा स्विंग इतका देखणा झाला, की मॅडम मला भर उन्हात मैदानावर नेऊन दाखवायच्या. मधूनमधून कडं काढून खेळवायला हवं होतं, ते मात्र राहून गेलं.

अकोल्याला निवड चाचणी होती. संघासोबत मीही गेलो होतो. तिथं कडं चालणार नव्हतं. पोरगी नुसती बॅट घेऊन उभी राहिली आणि तिची बोटं खाचा शोधू लागली. दर चेंडूला ती पकड बदलत होती. शेवटचा चेंडू तर तिने बॅट न हलवताच जाऊ दिला. मॅडम बाकावरून उठल्या आणि परत बसल्या. येताना बसमध्ये दोघी वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होत्या.

बारावी झाली आणि मुलगी नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात कामाला लागली. खेळ सुटला. मॅडमनी ते कडं पुन्हा कोणाच्या बॅटला लावलं नाही. स्टाफरूममध्ये मधेच म्हणायच्या, "चांगली खेळत होती पोरगी. मी तिचा हात बिघडवला."

"चला, भेटून येऊ," मी म्हणायचो.

"जाऊ ना एखाद्या रविवारी. पण जाऊन तिले म्हणू काय?"

असे पुष्कळ रविवार गेले. मॅडम निवृत्त झाल्या आणि गेल्या हिवाळ्यात, झोपेतच, गेल्या.

त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर ती मुलगी आलेली. कडेवर लेक होती. मला ओळखून तिने बाजूला बोलावलं.

"सर, मॅडम माह्यावर लय नाराज होत्या काय?"

"कशाबद्दल?"

"अकोल्याबद्दल. त्यायनं माह्यासाठी एवढं केलं अन् मी नुसती उभी राहिली. कितीदा वाटलं, भेटून यावं. हिंमतच नाही झाली."

मॅडम काय म्हणायच्या, ते मी तिला सांगितलं.  ती लेकीला खाली उतरवून भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "एक फोन केला असता तरी झालं असतं."

कोणी करायचा होता, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.